प्रकल्प नोंदी: भाईंच्या वह्या

८ जून २०२५, रविवार. फोंडा

भाईंनी आज सगळ्यांसमोर सांगून टाकलं. चवथ (गणेश चतुर्थी) झाली की मोतीबिंदूचं ऑपरेशन, आणि तिथून पुढे आमच्या मंडळाची रविवारची ॲनिमे (जपानी ॲनिमेशन) बघायची बैठक त्यांच्याकडून सुटली. कुणी फारसं बोललं नाही. डिचोलीच्या पोराने ‘मग कोण?’ असं विचारलं आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण लॅपटॉप माझा असतो.

तेव्हा हे काम. भाईंच्या वह्या स्कॅन करायच्या, ते नेमकं काय काय करतात ते त्यातून शोधायचं आणि चौघांत वाटून घ्यायचं. चौघं म्हणजे मी, डिचोलीचा पोरगा, मडगावहून येणारी नर्स आणि बांदोड्याचे चित्रकलेचे सर. मुदत चवथीपर्यंत.

पुढे कुणी हे वाचेल त्याच्यासाठी थोडं मागचं. ॲनिमॅक्स ही ॲनिमे दाखवणारी वाहिनी भारतात २००४ साली सुरू झाली. फोंड्यात ज्यांचा केबलवाला ती दाखवायचा त्यांच्या घरी बाकीची पोरं जमायची. त्यातलंच एक घर भाईंचं. धाकट्या भावाचे मित्र हॉलमध्ये हातघाईवर येऊ नयेत म्हणून आईने थोरल्याला तिथे बसवलं. भाऊ पुढे दुबईला गेला, पोरं बदलली, वरच्या बाजारात एका क्लासची खोली रविवारपुरती मिळाली, आणि भाई अजून बसलेलेच आहेत. पैसा घेत नाहीत, पद घेत नाहीत.

१५ जून

वह्या आल्या. दुकानात उधारी लिहितात त्या लांबट, पुठ्ठ्याच्या. तळाच्या काहींना कसर लागलेली, काही पानं ओलीने एकमेकांना चिकटलेली. भाईंच्या घरी पावसाळ्यात कपड्यांच्या कपाटात एक छोटा बल्ब जळत ठेवतात. वह्या त्या कपाटात उभ्या करून ठेवल्या, पानापानांत वर्तमानपत्राचे तुकडे सरकवले. पानं सुटली. फोनच्या फोटोत पेन्सिलीचं लिखाण उमटत नाही, त्यामुळे सर त्यांच्या घरचा स्कॅनर प्लास्टिकमध्ये गुंडाळून स्कूटरवरून घेऊन आले.

एक पान कसं आहे ते लिहून ठेवते. वर मालिकेचं नाव. खाली पट्टीने आखलेले चार रकाने: भाग, वय, काय फोडायचं नाही, कोण होतं. तिसऱ्या रकान्यात गोष्ट कुठेच लिहिलेली नाही. ‘पुलावरचा मुखवटेवाला’, ‘थोरल्या भावाची भेट’ अशा नुसत्या खुणा आहेत. ज्याने पाहिलंय त्याला कळतं, ज्याने पाहिलेलं नाही त्याच्या हाती वही लागली तरी काही फुटत नाही. चौथ्या रकान्यात माणसांच्या नावांऐवजी गावं. समासात लाल पेनने: ‘पंख्याचा आवाज. मागच्या रांगेला ऐकू जात नाही.’

स्प्रेडशीटमध्ये रकाने तेच ठेवतोय. पाचवा रकाना ‘शेरा’. सरांना सहावा हवा होता, ‘चित्रांचा दर्जा’. तो त्यांनी स्वतःच्या फाईलमध्ये ठेवावा.

२२ जून

आज फिलरच्या वह्या.

नारुतोच्या पहिल्या मालिकेचे २२० भाग. १३५ नंतर जवळजवळ सगळे फिलर, म्हणजे मूळ मांगात (जपानी चित्रकथेत) नसलेले. कारण साधा हिशोब आहे. मांगाचं प्रकरण आठवड्याला एक, साधारण वीस पानांचं. ॲनिमेचा भागही आठवड्याला एक, पण त्याला एक प्रकरण पुरत नाही. मालिका मांगाला गाठते, मग स्टुडिओने एक तर थांबायचं नाहीतर मधल्या गोष्टी स्वतः रचायच्या. टीव्हीवरची आठवड्याची वेळ हातची जाऊ नये म्हणून तेव्हा रचायचे. आता बऱ्याच मालिका बारा-तेरा भागांच्या हंगामात येतात, जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर असे, त्यामुळे हे दुखणं बरंच कमी झालंय. १९९९ पासून चालणाऱ्या वन पीसने तिसरी वाट काढली, गोष्टच सावकाश हाकली. ती सुद्धा सोसणाऱ्यालाच माहीत.

अशा याद्या आज फोनवर बसल्या जागी मिळतात. तेव्हा भाईंनी त्या हाताने केल्या, मुंबईहून कुणीकुणी आणलेले मांगाचे इंग्रजी खंड शेजारी ठेवून. डिचोलीच्या पोराचा प्रश्न रास्त होता: तयार मिळतंय ते स्कॅन कशाला करायचं?

तर यासाठी. नारुतोचा १०१ वा भाग फिलरच आहे. तिन्ही शिष्य आपल्या काकाशी सरांचा मुखवट्याआडचा चेहरा बघायला धडपडतात, एवढीच गोष्ट. तयार यादी सांगते, सोडून द्या. भाईंच्या वहीत त्यापुढे लिहिलंय: ‘वगळू नये. नवी पोरं हा बघून एकमेकांशी बोलायला लागतात.’ आणखी एका मालिकेच्या अगदी महत्त्वाच्या भागापुढे उलटी नोंद: ‘पावसात नको. लाईट गेली तर पोरं रडवेली घरी जातील.’

वही ॲनिमेची आहे असं धरून मी काम सुरू केलं होतं. निम्म्या नोंदी बघणाऱ्यांच्या आहेत. शेऱ्याचा रकाना रुंद केला.

६ जुलै

वयाचा रकाना. यावर आज सगळी दुपार गेली, आणि जायला हवीच होती.

चित्रं हलतात म्हणजे लहान मुलांचं, हा समज आपल्याकडे पक्का आहे. शिनचॅनचंच बघा. जपानात ती मांगा १९९० साली मोठ्यांच्या साप्ताहिकात सुरू झाली. आपल्याकडे ती लहान मुलांच्या वाहिनीवर लागली, २००८ साली सरकारने तिचं प्रसारण बंद पाडलं आणि नंतर काटछाट होऊन ती परत आली. भाईंनी त्याच्या बऱ्याच आधीपासून सात, तेरा, सोळा अशा पायऱ्या आखल्या होत्या. आता सेन्सॉर बोर्डाने यूए ७+, १३+, १६+ केलंय, म्हणून नर्सने त्यांना सांगितलं, ‘भाई, सरकारने तुमची वही चोरली.’ भाई म्हणाले, त्यांनी त्या पायऱ्या मुलांच्या इयत्तेवरून घेतल्या होत्या, दुसरी, आठवी आणि दहावी झालेली.

एक नोंद मला पटत नाही, तरी तशीच ठेवली. ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाईज’ आणि ‘माय नेबर टोटोरो’ हे दोन्ही सिनेमे जपानात १६ एप्रिल १९८८ ला एकाच खेळाला जोडून लागले होते. एक युद्धात अनाथ झालेल्या भावंडांचा, दुसरा रानातल्या गुबगुबीत प्राण्याचा. आमच्या मंडळातही ही जोडी लावायची टूम निघाली होती. भाईंचा शेरा: ‘जोडी नको. पहिला सोळाच्या पुढे, एकटाच, नंतर दिवे लावून चहा. लगेच घरी पाठवायचं नाही.’ माझं म्हणणं, तेराला चालेल. मी स्वतः तेवढीच असताना पाहिलाय. भाई म्हणाले, ‘बाय, तू पाहिलास तेव्हा शेजारी तुझी आई होती.’ होती खरी.

पालकांसाठी भाईंचा एक जुना उपाय होता. कुणाचे वडील तणतणत आले की त्यांना बसवून रामायणावरचा ॲनिमे सिनेमा दाखवायचा, यूगो साको यांनी राम मोहन यांना सोबत घेऊन केलेला. समुद्रावरचा सेतू येईपर्यंत वडील पाय वर घेऊन बसलेले असत. तोच सिनेमा यंदा २४ जानेवारीला थिएटरात आला तेव्हा जुने वडील नातवंडांना घेऊन गेले म्हणे.

१३ जुलै

धो धो पाऊस, वीज दुपारीच गेली. स्कॅनिंग नाही. तोंडी माहिती टिपली. कॉपी केलेल्या सीडीचा नियम २००९ च्या वहीत आहे: बैठकीत आणायची नाही, वाटायची नाही, विकायची तर मुळीच नाही. त्यावरून तेव्हा निम्मी पोरं उठून गेली होती. काही परत आली. भाईंना त्याचं फार काही वाटलेलं दिसत नाही.

२० जुलै

शुक्रवारी, १८ तारखेला, ‘डीमन स्लेअर: इन्फिनिटी कॅसल’ जपानात लागला. आपल्याकडे १२ सप्टेंबर. मधले आठ आठवडे आमची परीक्षा.

अडचण दुहेरी आहे. मांगा २०२० च्या मे महिन्यात संपली, तेवीस खंडांत, त्यामुळे वाचणाऱ्यांना कोण जगतो कोण मरतो ते पाच वर्षांपासून ठाऊक आहे. नुसती मालिका बघणारे गेल्या वर्षीच्या जूनअखेर जिथे थांबले तिथेच उभे आहेत. हा सिनेमा तिथूनच पुढे सुरू होतो, आणि तिघांतला पहिला आहे. आता त्यात जपानी थिएटरांत चोरून काढलेल्या क्लिपा. आज आल्या आल्या एकाने फोन पुढे केलाच.

भाईंची पद्धत बिस्किटाच्या चौकोनी डब्याची. ज्याला काही विचारायचं आहे, किंवा काही माहीत असून पोटात राहत नाही, त्याने चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकायचं. चिठ्ठ्या बैठक संपल्यावर उघडायच्या, ज्यांना ऐकायचंय तेवढ्यांनीच थांबायचं. बाकीचे भजी-पाव खायला खाली जातात. गप्प बसा म्हटलं की माणूस जास्त बोलतो, म्हणून बोलायला जागा द्यायची, फक्त वेगळी. हे त्यांनी कुठे लिहिलेलं नाही. डबा बघूनच कळलं.

क्लिपवाल्याला भाईंनी हाक मारली, जिन्यात नेलं, दोन मिनिटांत परत आणलं. काय बोलले ते दोघांनीही सांगितलं नाही. फोन खिशात गेला.

या सिनेमापुरता आमचा नियम: भारतात लागल्यानंतरचे दोन रविवारही तोंड बंद. सगळ्यांना पहिल्याच आठवड्यात तिकीट परवडतं असं नाही.

२७ जुलै

डब (आपल्या भाषेतले आवाज चढवलेलं) की सब (जपानी आवाज, खाली सबटायटल). हा वाद संपला तर मंडळच संपेल, असं सर म्हणतात.

आजचा भडका नव्या मुलामुळे. ‘डब बघणारे खरे फॅन नव्हेत’ एवढंच तो म्हणाला. समोर जी मंडळी बसली होती त्यातली बरीचशी १९९३ साली दूरदर्शनवर रविवार सकाळचा मोगली बघून यात पडली. निप्पॉन ॲनिमेशनची ५२ भागांची मालिका, हिंदीतली, शेरखानला नाना पाटेकरांचा आवाज. ही मंडळी असल्या वाक्याने पेटतात.

भाईंचं याबाबतचं टिपण वहीत सापडलं आणि ते मला फार आवडलं. जपानात बहुधा चित्रं आधी होतात आणि नट पडद्याकडे बघत नंतर बोलतात. शिवाय खर्च वाचवायला तोंडाची चित्रं तीनच: मिटलेलं, अर्धवट, उघडं. म्हणजे जपानी आवाज सुद्धा ओठांवर तंतोतंत बसत नाही, आणि हिंदी वाक्य त्याच तीन तोंडांत बसवता येतं. ‘मूळ’ म्हणून ज्याच्यासाठी भांडता तोही आवाज नंतरच चढवलेला आहे, असा त्यांचा मुद्दा. सर याला पूर्ण मान देत नाहीत. नटाचा श्वास, थांबणं हे दिग्दर्शकाने ठरवलेलं असतं, ते डबमध्ये जातं, असं ते म्हणतात. तेही खरंच.

पण नियम या मुद्द्यावरून झालेला नाही. महिन्याचा पहिला रविवार डबचा असतो, त्यामागचं कारण त्याच पानाच्या खाली बारीक अक्षरांत आहे: ‘वाळपईची दोन मुलं. मराठी शाळा. इंग्रजी सबटायटल वाचून होईपर्यंत दृश्य जातं. विचारायला लाजतात.’ त्या मुलांना कधी कळलं नाही की नियम त्यांच्यासाठी केलाय. बाकीच्यांना वाटत आलं की जुन्या मंडळींचा हट्ट.

आज वाद नर्सने मिटवला. तिने पिक्चर थांबवला, नव्या मुलाला खुर्च्या लावायला सोबत घेतलं आणि वाळपईचं पान त्याला दाखवलं. आता हे काम तिचंच, माझ्या मते. सुचवलं, ती हसली.

३ ऑगस्ट

सगळ्या वह्या आल्या, एक निळी डायरी सोडून. ती भाईंनी दिली नाही. ‘ही तुमच्या मशीनखाली घालायची नाही.’

त्यात काय आहे ते त्यांनी सांगितलं, दाखवलं नाही. कुणाला कधी समज दिली त्याच्या नोंदी. पहिल्यांदा जिन्यात, एकट्याला. दुसऱ्यांदा जिन्यातच, सोबत एक तिसरा माणूस. तिसऱ्यांदा ‘चार रविवार येऊ नकोस’. परत आल्यावर त्या गोष्टीचा कुणी उल्लेख करायचा नाही. उल्लेख करणाऱ्यालाच मग जिन्यात बोलावणं. कायमचे ‘नको’ दोघेच झाले, दोघेही लहान मुलींच्या मागे लागण्यावरून, आणि त्या वेळी भाई जिन्यात थांबले नाहीत, मुलींच्या घरी गेले, नंतर पोलीस चौकीवर गेले. त्यांच्याकडून एवढंच कळलं.

माझं मत होतं की डायरी आम्हाला हवी. उद्या तोच माणूस दाढी वाढवून आला तर ओळखणार कोण? डिचोलीच्या पोराचं उलट: तो स्वतः पंधरा वर्षांचा असताना त्या डायरीत गेलेला आहे, आणि ते पान माझ्या लॅपटॉपवर असावं असं त्याला वाटत नाही. हे त्याने सगळ्यांसमोर सांगितलं, त्यालाही धाडस लागतं. मला उत्तर सुचलं नाही.

ठरलं ते असं. डायरी भाईंकडेच. त्या दोघांची माहिती एका पाकिटात, पाकीट नर्सच्या कपाटात, कारण कुलूप लावायची सवय आमच्यात तिला एकटीलाच आहे. नवी डायरी आम्ही सुरू करू, पण एखादा वर्षभर नीट वागला की त्याचं पान फाडायचं. फाडायची अट भाईंच्या पद्धतीत नव्हती. त्यांनी मान हलवली, होकाराची की कसली ते कळलं नाही.

१७ ऑगस्ट

कॉस्प्लेची, म्हणजे ॲनिमेतल्या पात्रांच्या वेशभूषेची, तयारी. दोन नियम वहीत जाड अक्षरांत आहेत, दोन्ही तसेच ठेवले.

एक, विचारल्याशिवाय फोटो नाही, आणि अठराच्या आतल्या मुलांचा फोटो पालकांना विचारल्याशिवाय नाही. ‘वेशभूषा केली म्हणजे परवानगी दिली असं नव्हे.’ कॅमेरे घेऊन येणारे अनोळखी काका दरवर्षी असतात. मडगावच्या मुली हा नियम वाचून येतात, हे नर्स सांगते म्हणून कळलं.

दोन, धातूची तलवार नाही, आणि बसमधून नेताना तलवार चादरीत गुंडाळायची. कदंबच्या कंडक्टरशी झालेल्या एका बोलाचालीनंतरचा हा नियम आहे.

तलवारी यंदा नरकासुरवाल्या पोरांनी करून दिल्या. दिवाळीत पहाटे जाळायचा राक्षस उभा करणाऱ्यांना बांबूची कामटी, थर्माकोल, जुनं कापड आणि रंग यांत काही शिकवावं लागत नाही. उलट त्यांनीच सरांना दाखवलं की थर्माकोलवर ऑईलपेंट थेट लावला की तो विरघळतो, आधी कागदाचा आणि खळीचा थर हवा. त्यातला एक आता बैठकीला येतो. त्याला गोष्टीत रस नाही, राक्षसांच्या शिंगांत आहे. वहीत असल्यांसाठीही एक खूण आहे, छोटा त्रिकोण: ‘बघत नाही, पण येऊ द्या.’

३१ ऑगस्ट

पाच दिवसांचे गणपती पोचवायचा दिवस. बैठक नाही. गणपतीवर टांगलेली फळापानांची माटोळी उतरवून झाल्यावर स्प्रेडशीट एकदा तपासली, वह्यांतलं सगळं आलंय. मुदत जवळजवळ पाळली.

१४ सप्टेंबर

इन्फिनिटी कॅसल शुक्रवारी लागला. १५५ मिनिटांचा. भाईंच्या जुन्या नियमाप्रमाणे अठराच्या आतल्यांना दुपारचाच खेळ, परतीची बस उजेडात मिळावी म्हणून. दोन पालक सोबत. भाईंचं ऑपरेशन या आठवड्यात झालं, ते घरी, काळा चष्मा लावून, पडद्याकडे बघायला मनाई.

आजच्या बैठकीत निम्म्यांनी पाहिलेला, निम्म्यांनी नाही. डबा चिठ्ठ्यांनी गच्च भरला. मध्येच मांगा वाचलेल्या एकाचं ‘हे तर काहीच नाही, पुढे तर...’ सुरू झालं. मी उठणार तेवढ्यात डिचोलीचा पोरगा त्याच्या खांद्यावर हात टाकून त्याला जिन्याकडे घेऊन गेला. मी खाली बसले.

चिठ्ठ्या वाचायला शेवटी इतके जण थांबले की भजी-पाव वरच आणावे लागले.

२८ सप्टेंबर

वाटणी झाली. वयाचा रकाना आणि पालक: सर. डब-सब आणि नवी मुलं: नर्स. डबा, फोन, क्लिपा: डिचोलीचा पोरगा. वह्या आणि खोलीच्या किल्ल्या: माझ्याकडे. भाईंना ही यादी वाचून दाखवली. त्यांनी विचारलं, ‘आणि खुर्च्या?’ खुर्च्या कुणाच्याच नावावर नव्हत्या. रविवारी सगळ्यांच्या आधी येऊन ते एकटेच लावत होते, हे एकाही वहीत लिहिलेलं नाही. नव्या मुलाच्या नावावर टाकल्या.

राहिलेली कामं: स्कॅनची एक प्रत पेन ड्राईव्हवर भाईंना द्यायची. ऑक्टोबरच्या हंगामाची पानं आखायची, पट्टीने. जिन्यातला दिवा गेलाय, क्लासच्या मालकांना सांगायचं. जिना नर्स आणि डिचोलीचा पोरगा आलटून पालटून बघणार होते, पण ५ तारखेला तिला नाईट आहे आणि त्याची परीक्षा, तेव्हा त्या रविवारी जिना माझ्याकडे.